तेरड्याचे घर

मराठीच्या तासाला म्हणी चालल्या होत्या. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण आली, तेव्हा तिचा अर्थ वर्गातील बहुतेकांनी एका सुरात सांगितला : जे फार काळ टिकत नाही ते, उतावळा उत्साह, चंचल मन, चार दिवसांचे वैभव. अर्थ बरोबरच होता. परंतु सरांनी पुढे सहज विचारले, "तुमच्यापैकी किती जणांनी रानातला तेरडा पाहिला आहे?" वर्गात एकही हात वर झाला नाही. अंगणातला तेरडा बहुतेकांनी पाहिला होता. रानातला कोणीच नाही. आणि आम्ही सारे चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील मुले! ज्यांच्या घराच्या मागे जंगल सुरू होते त्यांना म्हणीतले फूल ठाऊक आहे, पण ते फूल राहते कोठे हे ठाऊक नाही, ही गोष्ट मनाला लागून राहिली.

त्यानंतर जानेवारी महिन्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर जंगलाकाठच्या एका गावी भरले. सकाळचे श्रमदान आटोपल्यावर मी एका वृद्ध गृहस्थांबरोबर नाल्याच्या काठाने हिंडलो आणि त्यांना तेरडा दाखवा म्हणून विनंती केली. त्यांना हसू आले. म्हणाले, "आता कोठचा तेरडा बाबू? पोऱ्याले ये, मंग पाय." आमच्या झाडीबोलीत ळ नाही, पोऱ्याले म्हणजे पोळ्याला. मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. जानेवारीत जेथे वाळलेली पाने आणि उघडे दगड होते, त्याच काठावर अर्जुन व जांभूळ यांच्या सावलीत गुडघाभर उंचीची गुलाबी फुलांची रांग उभी होती. एकाच जागेची ही दोन रूपे पाहिल्यावर जे प्रश्न पडले, त्यांची उत्तरे ग्रंथालयात व रानात शोधण्याचा हा अल्प प्रयत्न आहे. मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी नाही, कलाशाखेचा आहे. तेव्हा शास्त्राच्या जाणकारांनी हा लेख एका जिज्ञासूचे टिपण समजून वाचावा.

जिरॅनियमचे जुने नाते

शोध सुरू झाला तो एका चुकीच्या दारातून, असे म्हणावे लागेल. ब्रिटिश अमदानीत सर जोसेफ हूकर यांनी भारतातील वनस्पतींचा सात खंडांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो १८७२ ते १८९७ या काळात प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या खंडात तेरडा शोधावयास गेले, तर तो सापडतो जिरॅनियमच्या कुलात. त्याच कुलात अंगणात व कुंड्यांत उगवणारी आंबट पानांची आंबुटी आहे आणि रानात सावलीच्या ओल्या जमिनीवर उगवणारी, हात लावताच पाने मिटणारी एक इवलीशी वनस्पतीही आहे. तिचे शास्त्रीय नाव बायोफायटम सेन्सिटिव्हम. ओळीने बसलेल्या पानांच्या छत्रीमुळे ती नारळाच्या चिमुकल्या झाडासारखी दिसते.

मग मूळ जिरॅनियम कोणते? बंगल्यांच्या कुंड्यांत लाल फुलांचे जे 'जिरॅनियम' दिसते, ते खरे जिरॅनियम नव्हेच. ते दक्षिण आफ्रिकेतले पेलार्गोनियम. लिनीअसने १७५३ साली दोघांना एकाच नावाखाली ठेवले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती वेगळी करण्यात आली, तरी माळ्यांच्या तोंडचे जुने नाव गेले नाही. सुगंधी तेलासाठी अलीकडे महाराष्ट्रातील काही शेतकरी ज्या 'जिरॅनियम'ची शेती करतात, तेही पेलार्गोनियमच होय. खरे रानजिरॅनियम ही थंड हवेची वनस्पती आहे. जगात तिच्या सुमारे चारशे जाती आहेत. आपल्या देशात त्या मुख्यतः हिमालयात आढळतात. जिरॅनियम नेपालेन्स ही जाती दक्षिणेत निलगिरीसारख्या उंच पर्वतांवरही भेटते. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम १९० मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा भट्टीत रानजिरॅनियमने नांदावे तरी कसे? आमच्या जंगलात ते नाही.

परंतु जुन्या ग्रंथकारांनी तेरड्याला त्याच्या पंगतीला का बसविले, हे दोघांची फळे पाहिली म्हणजे उमगते. 'जिरॅनियम' हे नाव क्रौंच पक्ष्याच्या ग्रीक नावावरून आले आहे, कारण त्याचे फळ क्रौंचाच्या चोचीसारखे लांब असते. ते वाळले की त्याचे पाच भाग स्प्रिंगसारखे वर वळतात आणि बी दूर फेकले जाते. तेरड्याचे फळही पिकल्यावर फुटते आणि बी उडविते. आंबुटीही बी उडविते. फुलांच्या रचनेतला पाचाचा हिशेब दोहोंकडे आहे. एवढ्या साम्यावरून नाते जोडले गेले.

पुढील काळात हे नाते तुटले. तेरड्यासाठी बाल्समिनेसी हे स्वतंत्र कुल आधीच सुचविले गेले होते. १९९८ नंतर वनस्पतींच्या गुणसूत्रांतील द्रव्याचा तौलनिक अभ्यास होऊन नवी वर्गवारी मान्य झाली, तेव्हा असे दिसून आले की तेरडा जिरॅनियमपासून फार दूरचा आहे. तो ज्या गणात आता मोडतो, त्या एरिकेलीस गणातली दोन झाडे ऐकून आमच्याकडील वाचकाला आश्चर्य वाटेल. ती आहेत तेंदू आणि मोह! ज्या दोन झाडांवर या दोन जिल्ह्यांतील हजारो कुटुंबांचा उन्हाळा निभतो, त्यांच्या सावलीत पावसाळ्यात उगवणारे हे नाजूक रोप त्यांचे दूरचे भाऊबंद आहे. ही भाऊबंदकी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

तीन दिवसांत काय होते?

तेरड्याचे शास्त्रीय नाव इंपेशन्स बाल्समिना. 'इंपेशन्स' म्हणजे उतावळा, अधीर. फळाला बोट लागताच ते फुटते म्हणून हे नाव. या वंशाच्या जगात हजाराहून अधिक जाती आहेत आणि भारतात दोनशेहून अधिक. त्यांतील बऱ्याच जाती सह्याद्रीत किंवा पूर्व हिमालयात एखाद्या डोंगररांगेपुरत्याच आढळतात, कारण त्यांना सतत धुके व ओल लागते. आपला तेरडा त्या मानाने काटक. चार महिन्यांच्या पावसावर तो आपला संसार उरकतो.

शाळेत आपण सर्वांनी एक प्रयोग पाहिलेला आहे. तेरड्याचे रोप मुळासकट उपटून लाल शाईच्या पाण्यात ठेवतात आणि थोड्या वेळाने त्याच्या खोडातून लाल रेघा वर चढलेल्या दिसतात. या प्रयोगासाठी तेरडाच का निवडतात, असा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. त्याचे खोड रसाळ आणि जवळजवळ पारदर्शक असते, म्हणून. या रोपाच्या अंगात लाकूड असे नाहीच; पाण्याच्या भाराने ते उभे असते. भर दुपारी उघड्यावर ऊन लागले की ते मान टाकते आणि जमिनीत ओल असेल तर संध्याकाळी पुन्हा ताठ होते. खोडाचा रंगही पाहण्यासारखा असतो : गडद फुलांच्या रोपाचे खोड तांबूस, तर पांढऱ्या फुलांचे हिरवट. फुलण्याआधीच रोप आपला रंग सांगून टाकते.

आता फूल पाहू. पानांच्या बगलेत एक, दोन किंवा तीन फुले येतात. प्रत्येक फुलाच्या मागे शेपटीसारखी एक बारीक, वाकडी, पोकळ नळी असते. तिच्या टोकाशी मध साठविलेला असतो. हा मध मिळविण्यासाठी सोंड लांब हवी. म्हणून फुलपाखरे, पतंग आणि मधमाश्या यांची येथे ये-जा असते. फुलात पाच पुंकेसर असतात आणि त्यांची डोकी जुळून बीजकोशावर एक टोपी बसविल्यासारखे दिसते. मध घ्यावयास आलेल्या पाहुण्याच्या पाठीला या टोपीतील पराग लागतात. काही काळाने ती टोपी आपोआप गळून पडते आणि खालचा स्त्रीभाग उघडा होतो. आता जो पाहुणा येईल, त्याच्या पाठीवरील दुसऱ्या फुलाचे पराग येथे चिकटतात. म्हणजे एकच फूल आधी देणारे असते आणि मग घेणारे. ही दोन कामे एका वेळी होत नाहीत, म्हणून स्वतःचेच पराग स्वतःला लागण्याचा संभव कमी होतो.

म्हणीतले तीन दिवस ते हेच. दोन्ही कामे उरकली की पाकळ्या ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही आणि फूल त्या टाकून देते. फळ लवदार, मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळते असते. ते पिकले की त्याच्या पाच फाकांवर पाण्याचा ताण इतका वाढतो की वाऱ्याने, पावसाच्या थेंबाने किंवा किड्याच्या पायानेही त्या क्षणात आत गुंडाळल्या जातात आणि बिया उडतात. उडून किती लांब जातात? हातभर, दोन हात. फार तर त्याहून थोड्या अधिक. हे अंतरही वाचकांनी लक्षात ठेवावे.

या रोपावर आणखी एक पाहुणा येतो. शेपटीकडे शिंग असलेली आणि अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली मोठी अळी तेरड्याची पाने खाताना सापडते. तिचा पुढे पतंग होतो, थेरेट्रा या वंशाचा. तो तिन्हीसांजेला फुलांसमोर हवेत तरंगत मध पितो. रोप किती लहान, आणि त्याच्यावर किती जणांचा चरितार्थ!

घर म्हणजे जागा आणि वेळ

'अधिवास' हा शब्द आपण पुस्तकात वाचतो, तेव्हा डोळ्यांपुढे एखादी जागा येते. तेरड्याच्या बाबतीत केवळ जागा सांगून भागत नाही. जानेवारीत मी योग्य जागी उभा होतो, तरी मला तेरडा दिसला नाही. त्याचे घर जागेइतकेच वेळेचेही बनलेले आहे.

आमची वने पानझडीची आहेत. साग, ऐन, धावडा, बीजा, मोह, तेंदू, चारोळी आणि खाली बांबू, असा त्यांचा सर्वसाधारण संसार. पाऊस चंद्रपूरकडे वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास, गडचिरोलीकडे त्याहून अधिक. आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. बाकीचे आठ महिने जवळजवळ कोरडे. हे वेळापत्रक तेरड्याने अंगी बाणविले आहे.

जूनच्या मध्यावर पहिला दमदार पाऊस झाला की शेतात धानाचे पऱ्हे टाकतात, त्याच सुमारास नाल्याकाठी तेरड्याचे बी रुजते. जुलैत बांधीमध्ये रोवणी चालू असते तेव्हा रानात वरची झाडे दाट पानांनी भरलेली असतात आणि त्यांच्या गाळीव उजेडात हे रोप वाढत असते. श्रावणाच्या उत्तरार्धात फुले येऊ लागतात. पोळा आणि गणपती हा भर बहर. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळे फुटतात. दिवाळीपर्यंत रोप पिवळे पडून जमिनीवर लोळते. मुळाशी कंद नाही, खोड टिकाऊ नाही. पुढील वर्षासाठी मागे राहते ते केवळ बी. ते बी मातीच्या वरच्या थरात हिवाळा काढते. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडे पाने गाळतात आणि त्या बियांवर पांघरूण पडते. एप्रिल-मेची आग ओकणारी दुपार ते बी या पांघरुणाखाली काढते. जून आला की पुन्हा तेच.

म्हणजे वर्षाच्या बारा महिन्यांपैकी चार महिने तेरडा रोप म्हणून जगतो आणि आठ महिने बी म्हणून. आपण ज्याला पाहतो तो चार महिन्यांचा तेरडा. जो आठ महिने पानांखाली पडून असतो, त्याला कोणी पाहत नाही. पण खरा कस लागतो तो त्याचाच.

जागा म्हणाल तर मला या भागात तीन प्रकारच्या दिसल्या. पहिली, नाल्यांचे सावलीतले काठ. येथे माती गाळाची, ओल टिकणारी आणि वर अर्जुन, जांभूळ, कळंब यांचे छप्पर. दुसरी, पहाडीच्या उतारावरील खडकांच्या भेगा. पावसाळ्यात तेथून पाणी झिरपत असते आणि मूठभर मातीतही रोप तग धरते. तिसरी, बोडीच्या पाळीवर किंवा गावाच्या कुंपणालगत, जेथे रानातला तेरडा आणि अंगणातून निसटलेला तेरडा यांची सरमिसळ झालेली असते. या तीनही जागांत तीन गोष्टी समान आहेत : पावसाळाभर ओल, परंतु पाणी साचून न राहणे, दुपारच्या उन्हापासून आडोसा, आणि हलकी, न तुडविलेली वरची माती. यांपैकी एक जरी गेली तरी तेरडा जातो.

छप्पर उडाले तर काय होते, हे रस्त्याच्या कडेला दिसते. झाडे तुटून ऊन जमिनीवर आले की तेथे पहिल्याच पावसात तरोटा आणि रानतुळस माजते. तरोट्याची कोवळी भाजी आपण आवडीने खातो आणि त्याचा मला राग नाही. पण उघड्या उन्हातल्या त्या दाटीत तेरड्याला जागा मिळत नाही. मिश्र जंगल काढून सलग सागाची लागवड केली, तरी घर पूर्वीसारखे राहत नाही. सागाच्या रुंद पानांवरून पावसाचे पाणी मोठ्या थेंबांनी खाली आदळते आणि खाली झुडपे-गवत नसेल तर वरची माती वाहून जाते, असे वनशास्त्राचे जाणकार सांगतात. तेरड्याचे बी त्याच वरच्या मातीत असते, हे आपण पाहिलेच.

मोजणीत नसलेले

या जंगलांची मोजणी आजची नाही. ब्रिटिश काळापासून येथील सागाचा, बांबूचा हिशेब ठेवला गेला. १९१६ साली हेन्स या वनाधिकाऱ्यांनी मध्यप्रांताच्या दक्षिण वनवृत्तातील वनस्पतींची यादी छापली. तिच्या शीर्षकात झाडे व झुडपे सरसकट आहेत. लहान वनस्पतींच्या मागे मात्र 'आर्थिक उपयोगाच्या' असे विशेषण आहे. झाड असेल तर त्याची नोंद व्हावी. रोपट्याने मात्र आधी आपला उपयोग सिद्ध करावा! हा त्या काळाचा दृष्टिकोन होता आणि आपला तरी कितीसा वेगळा आहे? २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याच्या भूमीचा दोनतृतीयांशांहून अधिक भाग वनाखाली आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. हा अभिमान डोक्यावरच्या पानांचा आहे. पायाखाली काय आहे, ते त्या आकड्यात येत नाही.

येथे उन्हाळ्यातील आगीचा विषय काढणे भाग आहे. वनखात्याच्या हिशेबी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. आग बहुधा आपोआप लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पहाटे गळतात. वाळलेल्या पानांत ती दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. तेंदूच्या झुडपांना नवी, कोवळी, विडीला योग्य अशी पाने फुटावीत म्हणून झुडपे छाटतात आणि आगही लावतात. ठिणगी वाऱ्यावर जाते आणि एका झाडाखालची आग डोंगरभर होते. ज्यांच्या घरी मोहफुलांच्या टोपलीवर चूल पेटते, त्यांना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. पण काय घडते ते पाहिलेच पाहिजे. तेरड्याचे बी तेव्हा पाल्याच्या पांघरुणाखाली, मातीच्या वरच्या बोटभर थरात असते. पांघरूण जळते, त्याची धग बियांना लागते. जे वाचते त्याच्यावर जूनचा पहिला वळीव सरळ कोसळतो आणि उघडी राख, माती, बी सारे नाल्यात वाहून जाते. तेंदू आणि मोह यांच्यासाठी लावलेली आग त्यांच्याच दूरच्या भाऊबंदाचे घर जाळते, असा हा प्रकार आहे.

कोणी म्हणेल, एका नाल्यावरचा तेरडा गेला तर दुसऱ्या नाल्यावरून येईल. येथे ते दोन हातांचे अंतर आठवावे. तेरड्याच्या बीला पंख नाहीत, कापूस नाही, पक्ष्याने खावे असा गर नाही. आईपासून दोन हात, आणि पुराच्या पाण्याने नेले तर खालच्या काठावर, एवढीच त्याची धाव. वरच्या अंगाचा तेरडा संपला तर तो वर चढून येऊ शकत नाही. नाल्याचा काठ एखाद्या खाणीने वा रस्त्याने खणून काढला, तर त्याच्या बदल्यात दुसरीकडे झाडे लावता येतात. हा काठ तेथे नेऊन लावता येत नाही.

याच वंशातील एका जातीची उलट कथाही सांगण्याजोगी आहे. हिमालयातील एक उंच तेरडा १८३९ साली शोभेसाठी इंग्लंडात नेण्यात आला. तेथील नद्यांच्या काठी तो इतका माजला की आज तो उपटण्यासाठी माणसे लावावी लागतात. स्वतःच्या घरी जो शेजाऱ्यांबरोबर मापाने राहत होता, तो परक्या घरी अनावर झाला. घराचे माप वनस्पतीलाही लागते, एवढे यावरून कळते.

पाचगावचा निर्णय

मग उपाय काय? व्याख्यानांनी आग थांबत नाही. परंतु आमच्याच दोन जिल्ह्यांत काही गावांनी आपल्या बुद्धीने वाट काढली आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्यान्वये २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, ही गोष्ट देशभर गाजली. त्यामानाने चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावचे नाव आमच्या विद्यार्थ्यांत कमी ऐकू येते. या लहानशा गावाला २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर वनावर असाच हक्क मिळाला. ग्रामसभा स्वतः बांबू काढून विकू लागली. आणि मग तिने एक निर्णय घेतला, जो मला फार मोठा वाटतो : तेंदूपाने तोडणे बंद. पानांपासून रोख पैसा मिळतो, हे काय त्यांना ठाऊक नव्हते? परंतु पानांसाठी झाडे छाटावी लागतात, आगी लागतात आणि तेंदूची गोड फळे हाती येत नाहीत, हा हिशेब त्यांनी मांडला. जंगलाचा एक भाग तर त्यांनी काहीही न काढता राखून ठेवला.

पाचगावकरांनी हे तेरड्यासाठी केले, असे मी म्हणणार नाही. त्यांनी ते आपल्यासाठी व आपल्या मुलांसाठी केले. पण ज्या जमिनीवर आग येत नाही, तेथे पाल्याचे पांघरूण टिकते. पांघरूण टिकले की खालचे बी वाचते. माणसाने आपले घर नीट राखले, तर त्याच्या वळचणीला इतरांचीही घरे राहतात. जेथे मोहफुले वेचणे सोडता येत नाही, तेथेही पाला न जाळता बाजूला झाडता येतो किंवा झाडाखाली जाळी, जुनी धोतरे अंथरता येतात. काही गावांतून हे होऊ लागले आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मोह वेचला जातो. एवढे तरी आपण घरी बोलू शकतो.

आणखी एक काम खास आपल्या, म्हणजे भाषेच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याचे आहे. नाल्याकाठच्या या लहान रोपांना गावोगावी मराठीत, झाडीबोलीत, गोंडीत नावे आहेत. ती कोणत्या महिन्यात कोठे उगवतात, हे सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत. शिबिराच्या सात दिवसांत एक वही त्यासाठी ठेवता येईल. डावीकडे नाव, मध्ये जागा, उजवीकडे महिना. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी तीत शास्त्रीय नावे भरावीत. अशी वही दरवर्षी एका गावाची झाली, तरी दहा वर्षांत या महाविद्यालयाजवळ एक मोलाचा ठेवा होईल.

म्हणीकडे परत

शेवटी पुन्हा त्या म्हणीकडे येऊ. कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात भाद्रपदात तेरड्याची रोपे मुळासकट आणून त्यांची गौर मांडतात. म्हणजे ज्या समाजाने त्याला चंचल म्हटले, त्याच समाजाने त्याला देवीचे रूपही दिले. आणि दूर कोरिया देशात तर त्याच्या रंगाची कीर्ती अगदी निराळी आहे. तेथील मुली तेरड्याच्या पाकळ्या व पाने वाटून नखांवर बांधतात. मेंदीत जे रंगद्रव्य असते, तेच तेरड्यातही असते. नख रंगते ते महिनोन्‌महिने. पहिला बर्फ पडेपर्यंत नखावरचा रंग टिकला तर पहिले प्रेम सफल होते, अशी तेथे समजूत आहे. जपानी अमलाखाली तो देश भरडला जात असताना १९२० साली होंग नान-पा या संगीतकाराने रचलेल्या चालीवरचे तेरड्याचे गीत त्या लोकांच्या दुःखाचे प्रतीक बनले. एकाच फुलाचा रंग एका भाषेत तीन दिवसांचा आणि दुसऱ्या भाषेत पहिल्या बर्फापर्यंतचा!

म्हण खोटी आहे, असे मला म्हणावयाचे नाही. फुलाच्या पाकळ्या तीन दिवसांतच गळतात. पण म्हण करणाऱ्याने अंगणातले फूल पाहिले, नाल्याचा काठ पाहिला नाही. त्या काठावर तेच रोप, त्याच पावसाला, त्याच आठवड्यात, वर्षानुवर्षे परत येत असते. आठ महिने अंधारात पडून राहून, आपल्या जागेपासून दोन हातांपलीकडे न जाता. ज्या वृद्ध गृहस्थांनी मला पोळ्याला बोलाविले, त्यांनी तारीख पाहिली नव्हती. ते येणारच, हे त्यांना ठाऊक होते.

पुढील पोळ्याला आपणही जवळच्या नाल्यावर एकदा जाऊन यावे. तेरडा असेल तर पिकल्या फळाला बोट लावून पाहावे. आणि नसेल, तर तो का नाही याची गावातल्या जाणत्यांकडे चौकशी करावी.